रशियन वाचता येतं, पण कळतं का?

रशियात एखाद्या उपाहारगृहावरची पाटी इंग्रजी जाणणारा माणूस पहिल्यांदा वाचतो, तेव्हा त्याला ती 'पेक्टोपाह' अशी दिसते. तिथे लिहिलेलं असतं 'रेस्तोरान'. रशियन लिपीतली काही अक्षरं दिसायला रोमन अक्षरांची जुळी भावंडं, पण त्यांचा आवाज वेगळा. 'पी'सारखं दिसणारं अक्षर 'र' असतं, 'सी' म्हणजे 'स', 'एच' म्हणजे 'न', 'बी' म्हणजे 'व'. एकूण ३३ अक्षरांच्या या लिपीची लांबून धास्ती वाटते, पण शाळकरी मुलं तिला लवकर आपलीशी करतात. थोड्याच आठवड्यांत ती पाट्या, नावं, छोटी वाक्यं मोठ्यानं वाचू लागतात. शिक्षक खूश होतात, पालक खूश होतात.

फसगत इथूनच सुरू होते. मुलगा उतारा खणखणीत आवाजात वाचतो, उच्चार जवळपास सगळे बरोबर येतात, आणि 'मग गोष्टीत काय झालं?' असं विचारलं की गप्प राहतो. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं होतं: वाचलेलं समजणं म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. त्यांनी बेरीज धरली नाही, गुणाकार धरला. दोहोंपैकी एक शून्याजवळ असेल तर उत्तरही शून्याजवळच येणार. रशियनच्या शालेय वर्गात पहिला आकडा झपाट्यानं वाढतो आणि दुसरा वर्षानुवर्षं रेंगाळतो.

हे केवढ्या मोठ्या प्रमाणावर घडू शकतं ते पूर्व जर्मनीत दिसलं. तिथे पाचवीपासून रशियन सक्तीची होती. सोव्हिएत मुलांशी पत्रमैत्री चाले, रशियनच्या ऑलिंपियाड स्पर्धा भरत. टेम्पलिन या गावी शिकणारी अँगेला मर्केल अशाच स्पर्धेत चमकली होती, आणि पुढे जर्मनीच्या चान्सलर झाल्यावरही त्यांचं रशियन टिकून होतं. बहुतेकांच्या बाबतीत तसं झालं नाही. अनेक वर्षं शिकूनही हाती काही पाठ वाक्यंच उरली, आणि १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्यावर शाळांतली रशियन शिकणाऱ्यांची संख्या कोसळली. सक्तीचा राग हे त्याचं मोठं कारण. पण ज्या भाषेतलं पुस्तक उघडून आनंदानं वाचता येत नाही, ती सक्ती उठल्यावर कोण कशासाठी धरून ठेवील?

अमेरिकेत सक्ती नव्हती, तिथे घाई होती. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघानं स्पुटनिक आकाशात सोडला आणि वर्षाच्या आत अमेरिकेनं राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. परकी भाषांच्या शिक्षणाला पैसा मिळाला, हायस्कुलांमध्ये रशियनचे वर्ग निघाले. अडलं ते वेळेपाशी. आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी अमेरिकेची सरकारी संस्था रशियनसाठी सुमारे ११०० तासांचं शिक्षण गृहीत धरते. स्पॅनिशसाठी तिला ६०० ते ७५० तास पुरेसे वाटतात. शाळेत आठवड्याला चार तास आणि वर्षाला पस्तीस आठवडे धरले तर वर्षाचे १४० तास होतात. म्हणजे ११०० तासांना जवळजवळ आठ वर्षं लागतील, तीही सुट्टीत काही विसरलं जात नाही असं धरून. या हिशेबात शाळेनं प्रत्येक तास कशावर खर्च करायचा, हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो.

त्याचं उत्तर शोधायचं तर रशियन वाक्यात अर्थ कुठे बसलेला असतो ते पाहावं लागतं.

लेनिनग्राडचे भाषाशास्त्रज्ञ लेव श्चेर्बा विद्यार्थ्यांसमोर एक वाक्य ठेवत. त्यातल्या नामांची, विशेषणांची, क्रियापदांची मुळं सगळी बनावट, रशियन भाषेत कुठेच नसलेली. शब्दांचे शेवट मात्र अस्सल रशियन. ते वाक्य ऐकून कुणीही रशियन माणूस सांगू शकतो, की कुठल्याशा मादी प्राण्यानं कुठल्याशा नर प्राण्याला एकदाच, झटक्यात काहीतरी केलं, आणि आता ती त्याच्या पिल्लाला काहीतरी करत आहे. अर्थाचा एकही शब्द ओळखीचा नसताना एवढी गोष्ट कळते, कारण कोण, कुणाला, किती वेळा, कधी हे सगळं शब्दांच्या शेपटांत साठवलेलं असतं. रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत, तीन लिंगं आहेत, आणि एकेका नामाची एकवचन-अनेकवचन धरून बारा रूपं होऊ शकतात.

आता इंग्रजीची सवय असलेला पंधरा वर्षांचा विद्यार्थी हेच कसं वाचतो ते पाहावं. 'कोश्का' म्हणजे मांजर, 'सबाका' म्हणजे कुत्रा, 'वीदित' म्हणजे पाहतं. 'कोश्का वीदित सबाकू' म्हणजे मांजर कुत्र्याला पाहतं. 'कोश्कू वीदित सबाका' याचा अर्थ बरोबर उलटा: पाहणारा कुत्रा आहे आणि दिसणारं मांजर. शब्दांचा क्रम तोच, बदलला तो फक्त शेवटचा स्वर. इंग्रजीत पहिलं नाम कर्ता असतं, या सवयीनं विद्यार्थी दोन्ही वाक्यांचा एकच अर्थ लावतो आणि पुढे जातो. आपलं काही चुकलंय याचा त्याला पत्ताही लागत नाही. परिच्छेदात अशी तीन वाक्यं आली की गोष्ट पार दुसरीच होऊन बसते.

यात एक दिलाशाची बाब आहे. व्हेरा केम्पे आणि ब्रायन मॅकव्हिनी यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रशियन आणि जर्मन शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांची तुलना केली. रशियनचे तक्ते जर्मनपेक्षा कितीतरी मोठे, तरी विभक्तीवरून कर्ता-कर्म ओळखायला रशियन शिकणारे लवकर शिकले. रशियन प्रत्यय संख्येनं पुष्कळ असले तरी जर्मनपेक्षा भरवशाचे आहेत. वाचणाऱ्याला ते स्पष्ट खूण देतात. म्हणजे गुंतागुंतीला भिण्यापेक्षा त्या खुणांकडे डोळा वळवणं महत्त्वाचं. शाळांमध्ये मात्र प्रत्यय तक्त्यात घोकले जातात, परीक्षेत गाळलेल्या जागांत भरले जातात, आणि उतारा वाचताना कुणी त्यांच्याकडे बघत नाही. व्याकरणाची वही एका बाजूला आणि गोष्ट दुसऱ्या बाजूला, अशी ही फारकत आहे, आणि ती फार नुकसान करते.

क्रियापदात तर एका स्वरावर गोष्टीचा शेवट अवलंबून असतो. 'माल्चिक रिशाल ज़दाचू' म्हणजे मुलगा गणित सोडवत होता. 'रिशाल'च्या जागी 'रिशील' आलं, तर त्यानं ते सोडवलं. पहिल्या वाक्यात उत्तर आलं की नाही हे सांगितलेलंच नाही. बहुधा बिचारा अजून झगडतोय. 'मुलाला गणित सुटलं का?' असा प्रश्न विचारला की वर्गाचे दोन तट पडतात, आणि ज्यांनी तो स्वर पाहिलाच नाही ते अंदाजानं उत्तर देतात.

भरीला, छापील रशियन वाचकाला थोडं वाऱ्यावरही सोडतं. पाठ्यपुस्तकात प्रत्येक शब्दावर आघाताची खूण असते, वर्तमानपत्रात किंवा कादंबरीत ती नसते. एकच अक्षररचना आघात बदलल्यावर 'किल्ला' होते किंवा 'कुलूप' होते. दुसरी एक 'यातना' होते किंवा 'पीठ'. 'यो' या अक्षरावरचे दोन ठिपके छापताना बहुधा गाळतात, त्यामुळे 'सगळेजण' आणि 'सगळं काही' हे दोन शब्द कागदावर सारखेच दिसतात. रशियन मूल ते संदर्भानं सोडवतं, कारण त्याच्या कानात शब्द आधीच असतो. परक्या मुलाच्या कानात तो नसतो.

आणि शब्द हीच सगळ्यात मोठी अडचण. रशियाच्या सरकारी भाषाचाचणीनं प्रत्येक पातळीसाठी किमान शब्दसंख्या ठरवली आहे. अगदी प्राथमिक पातळीला ७८०, त्यावरच्या पातळीला १३००, परकी विद्यार्थ्यांना रशियातल्या विद्यापीठात प्रवेशासाठी लागणाऱ्या पातळीला २३००. त्यापुढची पायरी एकदम सुमारे १०,००० शब्दांची. माध्यमिक शाळेत चार-पाच वर्षं रशियन शिकलेलं मूल बहुधा या पहिल्या तीन पायऱ्यांच्या आसपास असतं. मूळ पुस्तक आणि ते मूल यांच्यामध्ये हजारो शब्दांची दरी उभी असते.

कुणाच्याही मदतीशिवाय मजकूर समजायला त्यातले किती शब्द ठाऊक हवेत, याचा अभ्यास इंग्रजीच्या बाबतीत बराच झाला आहे. इस्रायलच्या बाटिया लाउफर यांनी १९८९ मध्ये ९५ टक्क्यांचा उंबरठा सुचवला. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली तो ९८ टक्क्यांवर नेला. ३०० शब्दांच्या पानावर ९८ टक्के म्हणजे सहा अनोळखी शब्द. ९० टक्के ऐकायला छान वाटतं, पण त्यात तीस अनोळखी शब्द येतात आणि प्रत्येक ओळीत ठेच लागते. रशियनपुरतं पाहायचं तर जेन हॅकिंग आणि एर्विन चिर्नर यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची शब्दसंपदा आणि वाचनाची पातळी ताडून पाहिली, आणि दोन्हींचं नातं घट्ट असल्याचं त्यांना दिसलं. महाविद्यालयात ही स्थिती असेल तर शाळेत वेगळी कशी असेल?

तरी रशियन शब्द एकेकटे राहत नाहीत, त्यांची घराणी असतात. 'खोद' हे चालण्याचं, जाण्याचं मूळ घ्या. 'व्खोद' म्हणजे प्रवेशद्वार, 'वीखद' म्हणजे बाहेर पडायची वाट, 'पिरिखोद' म्हणजे रस्ता ओलांडायची जागा, 'वस्खोद' म्हणजे सूर्योदय, 'दखोद' म्हणजे उत्पन्न, 'रस्खोद' म्हणजे खर्च, आणि 'पराखोद' म्हणजे वाफेवर चालणारी बोट. पैसा आत येतो तो दखोद, बाहेर जातो तो रस्खोद! संस्कृतात एका धातूला उपसर्ग लावून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात, तीच ही रीत. उपसर्ग आणि मूळ वेगळं करायची सवय लागलेला विद्यार्थी शब्दकोश न उघडता कितीतरी शब्दांचा अंदाज बांधू शकतो. ही सवय शिकवता येते, आणि ती तेरा-चौदाव्या वर्षी लागली तर जन्मभर पुरते.

ओळखीचे वाटणारे शब्द मात्र जपून घ्यावे लागतात. 'मागाझिन' म्हणजे दुकान. मासिकाला रशियनमध्ये 'झुर्नाल' म्हणतात. 'फामीलिया' म्हणजे कुटुंब वाटतं, तो असतो आडनावासाठीचा शब्द. 'देकादा' म्हणजे दशक वाटतं, तो असतो दहा दिवसांचा काळ.

समजा शब्दही आले आणि प्रत्ययही. तरी गोष्ट निसटू शकते. रशियन शाळेत ५ म्हणजे उत्तम आणि २ म्हणजे नापास. गोष्टीतला मुलगा 'दोन' मिळाले म्हणून रडत घरी येतो, आणि भारतीय वाचकाला वाटतं की दुसरा नंबर आला तर रडायचं कशाला. अलेक्सांद्र नावाचा एकच मुलगा आईसाठी साशा असतो, मित्रांसाठी सान्या, आजीसाठी शूरा; परका विद्यार्थी चार पात्रं मोजतो. परक्या संस्कृतीचा मजकूर वाचक कसा वळवून घेतो, याचा एक गाजलेला अभ्यास १९७९ मध्ये इलिनॉय विद्यापीठात झाला. मार्गारेट स्टेफन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी भारतीय आणि अमेरिकी वाचकांना दोन पत्रं वाचायला दिली: एकात भारतीय लग्नाचं वर्णन, दुसऱ्यात अमेरिकी. आपल्या पद्धतीच्या लग्नाचं पत्र दोन्ही गटांनी लवकर वाचलं आणि जास्त लक्षात ठेवलं. परक्या लग्नाच्या वर्णनात नकळत बदल केले. अमेरिकी नवरीनं आजीचा विवाहपोशाख घातला, हा तिकडे मानाचा प्रकार. एका भारतीय वाचकाला मात्र तो पोशाख जुनाट आणि फॅशनबाहेरचा वाटला. वाचणाऱ्याला इंग्रजी उत्तम येत होतं. गेला तो संदर्भ.

म्हणून रशियनचा उतारा देण्याआधी पाच मिनिटं दाचाबद्दल बोलणं, म्हणजे शहरी कुटुंबांची गावाबाहेरची ती भाजीपाल्याची बाग आणि लहानसं घर, किंवा १ सप्टेंबरला फुलं घेऊन शाळेत जाणाऱ्या मुलांचा फोटो दाखवणं, हा वेळेचा अपव्यय मुळीच नाही.

वाचन कळलं की नाही हे तपासायचं कसं, इथेही गोंधळ आहे. रशियन उताऱ्यावर रशियनमध्येच प्रश्न विचारला की हुशार विद्यार्थी प्रश्नातला एक शब्द उताऱ्यात शोधतो आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवतो. श्चेर्बांच्या बनावट वाक्यावरही असा प्रश्न विचारता येईल आणि पूर्ण गुण मिळवता येतील! एलाना शोहामी यांनी १९८४ मध्ये इस्रायलमधल्या बारावीच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी उतारे देऊन प्रश्न कधी इंग्रजीत तर कधी हिब्रूत विचारले. मातृभाषेतल्या प्रश्नांवर मुलांची कामगिरी चांगली आली. प्रश्न समजण्यातच शक्ती खर्ची पडली नाही, तर मुलाला गोष्ट किती कळली ते दिसतं. ब्रिटनमधल्या सोळाव्या वर्षाच्या शालेय परीक्षेत रशियन वाचनाचे काही प्रश्न इंग्रजीत विचारतात, त्यामागचा विचार योग्यच म्हणायला हवा.

हा मुद्दा मराठी मुलांच्या फार कामाचा आहे. सीबीएसईच्या विषयांत रशियन आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि मुंबई विद्यापीठात रशियन शिकवण्याची जुनी परंपरा आहे. पण आपल्याकडे रशियन शिकवली जाते ती बहुधा इंग्रजीतून, आणि त्यात मराठी मुलाचा हक्काचा फायदा हातचा जातो. 'म्न्ये न्राव्हित्सा' हे 'मला आवडतं' इतकं सरळ आहे. इंग्रजीतून शिकवताना तेच उलटंपालटं करून समजवावं लागतं. 'ऊ मिन्या' म्हणजे 'माझ्याकडे'. 'तो डॉक्टर' या वाक्यात मराठीला 'आहे' नसला तरी चालतो, रशियनलाही क्रियापद लागत नाही. मधलं नाव वडिलांचं असतं, हे मराठी मुलाला सांगावं लागत नाही. शब्दांचा क्रम बदलला तरी 'मांजराला बघतोय कुत्रा' यात कोण कुणाला बघतोय हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं.

सगळ्यात मोलाची गोष्ट भूतकाळाची. रशियनमध्ये मुलगा म्हणतो 'या चिताल', मुलगी म्हणते 'या चिताला'. मराठीत 'मी वाचत होतो' आणि 'मी वाचत होते', अगदी तसंच. प्रथमपुरुषी गोष्टीच्या पहिल्याच ओळीत सांगणारा मुलगा आहे की मुलगी हे क्रियापदावरून कळतं. इंग्रजी वाचकाला ही खूण शोधायची सवयच नसते. मराठी वाचकाला ती सहज दिसायला हवी. एलिझाबेथ बर्नहार्ट आणि मायकल कामिल यांच्या १९९५ च्या मांडणीनुसार परभाषेतल्या वाचनाच्या कौशल्यात सुमारे पाचवा हिस्सा मातृभाषेतल्या वाचनशक्तीचा असतो आणि सुमारे ३० टक्के त्या परभाषेच्या ज्ञानाचा. मराठीत भरभरून वाचणारं मूल रशियनच्या वर्गात रिकाम्या हातानं येत नाही. त्याच्या हातात काय आहे ते शिक्षकानं त्याला दाखवायला हवं.

पुढची गरज सोप्या, भरपूर मजकुराची. सेंट पीटर्सबर्गच्या 'ज़्लातोउस्त' प्रकाशनानं ठरावीक शब्दमर्यादेत बसवलेल्या गोष्टींची मालिकाच काढली आहे. ७८० शब्द येणाऱ्या मुलालाही तिच्यात वाचण्याजोगं काही सापडतं. अशी दहा पुस्तकं वर्षभरात वाचणाऱ्या मुलाला एकच विभक्ती शेकडो वेळा, शेकडो जागी भेटते. तक्ता पाठ करून ते साधत नाही.

आणि महाराष्ट्राकडे या कामासाठी एक साठा पडून आहे. मॉस्कोच्या 'प्रगती' आणि 'रादुगा' प्रकाशनांनी सोव्हिएत बालसाहित्य मराठीत छापलं, अनिल हवालदारांसारख्या अनुवादकांनी ते मराठीत आणलं, लोकवाङ्मय गृहानं ते अगदी स्वस्तात घरोघरी पोचवलं. विक्तर द्रागून्स्की यांच्या देनिस या मुलाच्या गोष्टी त्यातल्याच: एका शाळकरी मुलानं स्वतः सांगितलेल्या, छोट्या, बोलक्या वाक्यांच्या. सोव्हिएत संघ संपला आणि ही पुस्तकं यायची थांबली, तरी जुन्या प्रती अजून घरांत आणि ग्रंथालयांत आहेत, आणि मूळ रशियन पुस्तकं रशियात आजही मुलं वाचतात. शिक्षकानं आधी मराठी गोष्ट वर्गाला वाचू द्यावी, मग तिचंच मूळ रशियन पान पुढे ठेवावं, आणि पहिला प्रश्न मराठीत विचारावा: सांगणारा मुलगा आहे हे कुठल्या अक्षरावरून कळलं?